अमेरिका आणि मुस्लिम देश: संबंध कशाने बिघडतात आणि कशाने सुधारतात

प्रश्न असा आलाय की अमेरिकेला मुस्लिम देशांशी संबंध खरंच सुधारायचे असतील तर तिने नेमकं काय करावं, आणि आता ते शक्य तरी आहे का. विचारणारे राज्यशास्त्रात एमए करतायत, प्रबंधासाठी विषय शोधतायत, आणि सोबत त्यांनी असंही लिहिलंय की "मुळात धर्मच वेगळे म्हटल्यावर हे असं होणारच ना?" मी पाणी आणि सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रात काम केलं, आधी ढाका, मग त्सुनामीनंतर इंडोनेशियातलं आचे, मग जॉर्डन, आणि बहुतेक प्रकल्पांचा पैसा अमेरिकेचा नाहीतर युरोपचा होता. म्हणजे मी काही राजदूत नाही, पण वॉशिंग्टनमध्ये जे ठरतं ते खाली एखाद्या वस्तीत पोचेपर्यंत त्याचं काय होतं हे मी जवळून बघितलंय, आणि उत्तर त्या बाजूने देतोय. लांब होईल, वेळ काढून वाचा.

आधी तो धर्माचा मुद्दा बाजूला काढतो कारण तो डोक्यात राहिला तर पुढचं काहीच नीट दिसणार नाही. कोसोवो हा बहुसंख्य मुस्लिम देश, तिथे प्रिश्टिनामध्ये बिल क्लिंटनच्या नावाचा मोठा रस्ता आहे आणि त्यावर त्यांचा पुतळा आहे, कारण १९९९ मध्ये नाटोने ७८ दिवस हवाई हल्ले करून सर्बियाच्या फौजांना तिथून मागे घ्यायला लावलं. अमेरिका स्वतंत्र होत होती तेव्हा १७७७ मध्येच मोरोक्कोच्या सुलतानाने तिच्या जहाजांना आपली बंदरं खुली केली, आणि १७९७ मध्ये अमेरिकन सिनेटने त्रिपोलीशी जो तह मंजूर केला त्यात स्पष्ट लिहिलंय की या देशाचं सरकार ख्रिश्चन धर्मावर उभं नाही आणि मुसलमानांच्या धर्माशी त्याचं वैर नाही. दुसरीकडून बघा, इराण आणि सौदी दोन्ही मुस्लिम, एकाशी अमेरिकेचं हाडवैर आणि दुसऱ्याला शस्त्रं विकते. इस्लामी सहकार्य संघटनेत ५७ सदस्य देश आहेत, सेनेगलपासून इंडोनेशियापर्यंत, त्यांचं एकमेकांशी कितीतरी बाबतीत पटत नाही. त्यामुळे "मुस्लिम जग" नावाच्या एका माणसाला खूश करायचंय असं समजून जे धोरण आखलं जातं ते पहिल्याच पायरीवर फसतं.

आणि ते फसलेलं आहे, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २००२ चं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर महिनाभरातच अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने शार्लट बीअर्स नावाच्या जाहिरात क्षेत्रातल्या अतिशय मोठ्या बाईंना जनसंपर्काचं पद दिलं. त्यांनी दीड कोटी डॉलर खर्चाची मोहीम काढली, टीव्हीवर छोट्या फिल्म्स, अमेरिकेत राहणारे मुस्लिम किती सुखात आहेत ते दाखवणाऱ्या, त्यात ओहायोमधला एक बेकरीवाला, एक शाळेतली शिक्षिका, एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेचे अल्जेरियात जन्मलेले प्रमुख, असे खरे खरे लोक. फिल्म्स चांगल्या होत्या आणि त्यातली माणसं खोटं बोलत नव्हती. पण इजिप्त, जॉर्डन, लेबनॉनच्या सरकारी वाहिन्यांनी त्या दाखवायलाच नकार दिला आणि इंडोनेशिया, पाकिस्तानात ज्यांनी बघितल्या ते म्हणाले, बरं, तुमचा बेकरीवाला सुखात आहे, आनंद आहे, पण आमचा प्रश्न पॅलेस्टाईनचा आहे, तुम्ही इराकवर चाल करून जायची तयारी करताय त्याचा आहे, त्याचं काय? म्हणजे प्रश्न एक विचारला आणि उत्तर भलत्याच प्रश्नाचं. मार्च २००३ मध्ये बीअर्सबाईंनी पद सोडलं आणि त्याच महिन्यात इराकवर हल्ला झाला. नंतर अल-हुर्रा नावाची अरबी वाहिनी काढली, २००५ मध्ये बीअर्सबाईंच्याच पदावर आलेल्या कॅरन ह्यूज यांनी इजिप्त, सौदी, तुर्कस्तानात "ऐकून घेण्याचा दौरा" केला, तुर्कस्तानात बायकांनी तोंडावर इराक युद्धाबद्दल सुनावलं. ऐकून घेतलं, पण धोरण तेच राहिलं. मग ऐकण्याला अर्थ काय राहतो?

ओबामांचं कैरो विद्यापीठातलं भाषण, ४ जून २००९, हे तर अनेकांना आठवत असेल. मला ते भाषण मनापासून आवडलं होतं आणि आजही वाटतं की एखाद्या अमेरिकन अध्यक्षाने त्या प्रदेशाबद्दल केलेलं ते सगळ्यात प्रामाणिक भाषण होतं, त्यात त्यांनी १९५३ मध्ये इराणचं निवडून आलेलं सरकार पाडण्यात अमेरिकेचा हात होता हे कबूल केलं. टाळ्या खूप पडल्या. प्यू रिसर्च या अमेरिकेतल्या मतचाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत इजिप्तमध्ये अमेरिकेबद्दल चांगलं मत असणारे २००९ मध्ये २७ टक्के होते, पुढच्याच वर्षी ते १७ टक्क्यांवर आले आणि २०१४ पर्यंत १० टक्क्यांवर. मधल्या काळात पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहती वाढत राहिल्या, ग्वांटानामोचा तुरुंग बंद झाला नाही, ड्रोन हल्ले वाढले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात असं लोकांना वाटलं तर त्यांना दोष कसा देणार? उलट मी तर म्हणेन की चांगलं भाषण करून मागे काही न करणं हे भाषण न करण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या माणसाच्या भाषणावरचा विश्वाससुद्धा त्यात खर्च होतो.

आता सुधारलेले संबंध दाखवतो. आचे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत एकट्या इंडोनेशियात दीड लाखाहून जास्त माणसं गेली, आचेचा पश्चिम किनारा म्हणजे रस्ते नाहीत, पूल नाहीत, काहीच नाही. अमेरिकेची अब्राहम लिंकन ही विमानवाहू नौका काही दिवसांतच किनाऱ्याजवळ आली आणि तिची हेलिकॉप्टर्स पाणी, तांदूळ घेऊन अशा गावांना पोचली जिथे दुसरं कोणी पोचूच शकत नव्हतं, नंतर मर्सी नावाचं हॉस्पिटलचं जहाज आलं. इराक युद्धानंतर २००३ मध्ये इंडोनेशियात अमेरिकेबद्दल चांगलं बोलणारे १५ टक्के उरले होते, २००५ मध्ये ते ३८ टक्के झाले. जाहिरातीने एवढी उडी कधीच मारली नसती. पण मला यात आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. इंडोनेशियाच्या सरकारने परदेशी सैन्याला मुदत घालून दिली होती आणि अमेरिकन त्या मुदतीच्या आत निघून गेले. तिथे त्या काळात फुटीर चळवळ चालू होती, परदेशी सैनिक आले की जात नाहीत अशी भीती लोकांना होती, आणि ते गेले. आले तेव्हा जेवढा विश्वास कमावला तेवढाच गेले तेव्हा कमावला असं मी म्हणेन. आमचे आचेतले सहकारी याबद्दल बोलायचे तेव्हा "त्यांनी आम्हाला विचारलं" हे आवर्जून सांगायचे, किती टन तांदूळ आला हे कोणाच्या लक्षातही नव्हतं.

पाकिस्तानातही तसंच. ८ ऑक्टोबर २००५ चा भूकंप, मुझफ्फराबादच्या बाजूला चिनूक हेलिकॉप्टर्स, थंडी तोंडावर, वर डोंगरात अडकलेले लोक. त्या भागातल्या बाजारात चिनूकची खेळणी विकायला आली होती. चार वर्षांनी अभ्यासकांनी त्या भागात घरोघरी जाऊन विचारलं तेव्हा भूकंपाच्या भेगेच्या जवळ राहणाऱ्यांचा परदेशी माणसांवरचा विश्वास लांब राहणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होता. म्हणजे हा परिणाम टिकतो. संकटात माणूस आला, त्याने मदत केली, मोबदल्यात काही मागितलं नाही, हे लोक विसरत नाहीत.

आणि त्याच देशात पुढे जे झालं ते मला कायम अस्वस्थ करतं. २०११ मध्ये अबोटाबादमध्ये बिन लादेन आहे का हे शोधायला सीआयएने एका पाकिस्तानी डॉक्टरला हाताशी धरून हेपटायटिस बी लसीकरणाची मोहीम काढली. हेतू असा की त्या घरातल्या मुलांना सुई टोचायच्या निमित्ताने डीएनए मिळेल. ज्यांनी लसीकरणात काम केलंय त्यांना हे वाचताना पोटात खड्डा पडेल. हेपटायटिस बीचे तीन डोस लागतात, इथे एका गरीब वस्तीत पहिला डोस दिला आणि पुढचे डोस न देताच टीम दुसरीकडे गेली. बातमी जुलै २०११ मध्ये फुटली. त्याआधी वर्षानुवर्षं सरहद्दीच्या भागात काही मुल्ला सांगत फिरत होते की लसवाले हे हेर आहेत, आणि आरोग्यसेविका घरोघरी जाऊन सांगत होत्या की नाही हो बाई, असं काही नसतं, हे तुमच्या बाळासाठी आहे. एका फटक्यात त्या सगळ्या बायका खोट्या पडल्या. जून २०१२ मध्ये उत्तर वझिरिस्तानात तालिबानच्या कमांडरने पोलिओ लसीकरणावर बंदी घातली, डिसेंबर २०१२ मध्ये कराची आणि पेशावरकडे पोलिओ कार्यकर्त्यांना गोळ्या घातल्या, मेलेल्यांत बहुतेक बायका, काही तर तरुण मुली. एका मोठ्या मदत संस्थेच्या परदेशी कर्मचाऱ्यांना देश सोडायला लावला. पाकिस्तानात पोलिओच्या केसेस २०१२ मध्ये ५८ होत्या, २०१४ मध्ये ३०६ झाल्या. सगळा दोष त्या एका मोहिमेवर टाकता येणार नाही, बंदी आधी ड्रोन हल्ल्यांच्या निषेधात घातली होती, आणि गोळ्या झाडणारे ते झाडणारेच, त्यांना माफी नाही. पण त्यांच्या हातात कारण दिलं कोणी?

मे २०१४ मध्ये व्हाइट हाऊसने लेखी सांगितलं की यापुढे सीआयए लसीकरणाचा असा वापर करणार नाही, तेही अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या विद्यापीठांच्या डीननी पत्र लिहून जाब विचारला म्हणून. माझ्या मते असं आश्वासन पत्रात नाही, कायद्यात हवं. डॉक्टर, नर्स, पाण्याचा इंजिनिअर, शाळेचा शिक्षक यांचा वेश हेरगिरीसाठी कधीच वापरायचा नाही, कितीही मोठं सावज असलं तरी. तुम्ही मला विचाराल की अमेरिकेने एकच गोष्ट करायची तर कोणती, तर मी ही सांगेन. कारण मदत हीच एक जागा आहे जिथे परदेशी माणूस आणि तिथली सामान्य बाई समोरासमोर येतात, ती जागा एकदा डागाळली की मग बाकी काहीही बोला.

मदतीबद्दलच अजून थोडं, कारण ते मला आतून माहितीय. जॉर्डनमध्ये २०१२ नंतर सिरियातून इतके लोक आले की मफ्रकजवळ झातारीचा कॅम्प काही महिन्यांत शहराएवढा झाला. जॉर्डन हा जगातल्या सगळ्यात पाण्याची टंचाई असलेल्या देशांपैकी एक, मराठवाड्याच्या माणसाला तिथली टँकरची भाषा लगेच कळेल. अमेरिकेचा पैसा तिथे खूप येतो, २०२२ च्या करारात वर्षाला सुमारे १४५ कोटी डॉलर असं ठरलं, तरी जॉर्डनमधल्या सामान्य माणसाचं अमेरिकेबद्दल मत बरं नाही. लोक याला कृतघ्नपणा म्हणतात, मला ते पटत नाही. एक म्हणजे त्या पैशातला मोठा भाग थेट सरकारच्या बजेटमध्ये आणि सैन्याकडे जातो, नळाला पाणी आलं की त्यात तो दिसत नाही. दुसरं, प्रकल्प तीन ते पाच वर्षांचे, अमेरिकेचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं म्हणून त्याच्या आधी पैसे संपवायची घाई, अहवालात किती लोकांना ट्रेनिंग दिलं ते आकडे, आणि पंप बिघडला की दुरुस्त करणारा माणूस मात्र कोणाच्याच पगारावर नाही. तिसरं, जॉर्डनमध्ये पॅलेस्टिनी वंशाची माणसं लाखोंनी आहेत, त्यांच्या नातेवाइकांवर पडणारे बॉम्ब कुठे बनतात हे त्यांना माहीत असतं. तुम्ही एका हाताने पाण्याची पाइपलाइन टाकता, ती चांगलीच आहे, पण दुसऱ्या हाताचं काय हे विचारायचा त्यांना हक्क आहे.

पाकिटावर, टाकीवर, खांबावर तो हस्तांदोलनाचा लोगो आणि "अमेरिकन जनतेकडून" हे लिहायचं असा नियम होता. काही भागांत तो लोगो लावला तर कामगाराच्याच जिवाला धोका, म्हणून संस्था लेखी परवानगी मागून लोगो काढून टाकायच्या, आमच्या भाषेत ब्रँडिंग वेव्हर. एखाद्या देशाची मदत नाव झाकून द्यावी लागते, तिथे दूतावासाने अजून मोठे बॅनर छापून काही होत नसतं. आणि आता तर २०२५ मध्ये यूएसएड ही परदेशी मदत देणारी १९६१ पासूनची सरकारी संस्थाच बंद करून टाकली, उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे. त्या संस्थेत दोष भरपूर होते, वर लिहिलेच आहेत, पण चालू असलेली औषधं, चालू असलेले प्रकल्प मधेच तोडणं म्हणजे लोकांच्या तोंडाला पानं पुसणं झालं. हे आठवणीत राहील, आणि बराच काळ राहील.

ढाक्याचं उदाहरण यासाठीच देतो, ते मला सगळ्यात जवळचं आहे. १९६० मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने आणि पैशाने ढाक्यात कॉलऱ्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा सुरू झाली, आज तिला आयसीडीडीआर,बी म्हणतात, ढाक्यात रिक्षावाल्याला "कॉलेरा हॉस्पिटल" म्हटलं की तो थेट महाखालीला आणून सोडतो. १९६८ मध्ये तिथल्या तरुण अमेरिकन डॉक्टरांनी बंगाली सहकाऱ्यांबरोबर काम करून दाखवून दिलं की मीठ-साखरेचं पाणी तोंडाने दिलं तरी कॉलऱ्याचा पेशंट वाचतो. तेच ओआरएस, जे आज आपल्या प्रत्येक मेडिकलच्या दुकानात मिळतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते हजारो लोकांवर वापरून दाखवलं. या एका शोधाने जगभरात कोट्यवधी मुलं वाचली.

आणि त्याच १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानी लष्कराच्या बाजूने उभे होते. ढाक्यातले अमेरिकेचे कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड यांनी आणि त्यांच्या वीस सहकाऱ्यांनी ६ एप्रिल १९७१ ला वॉशिंग्टनला तार केली की आपलं सरकार नैतिक दिवाळखोरी दाखवतंय, इथे लोकशाही चिरडली जातेय आणि आपण गप्प आहोत. ब्लड यांची बदली झाली, करिअरला फटका बसला. डिसेंबरमध्ये अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला अजून आठवतं. १९७४ च्या दुष्काळात बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने धान्याची जहाजं रोखून धरली, लोक मरत असताना. म्हणजे राग धरायला कारणं कमी नव्हती. तरी बांगलादेशात आज अमेरिकेबद्दल जे मत आहे ते पाकिस्तानपेक्षा कितीतरी बरं आहे, आणि मी तिथे राहून जे समजून घेतलं ते असं की लोक सरकार आणि माणूस यात फरक करतात, पण तेव्हाच, जेव्हा समोर तशी माणसं असतात. अमेरिकन सिनेटर एडवर्ड केनेडी १९७१ मध्ये भारतातल्या छावण्यांत येऊन गेले, फेब्रुवारी १९७२ मध्ये त्यांनी ढाका विद्यापीठात वडाचं रोप लावलं, पाकिस्तानी सैन्याने उपटलेल्या झाडाच्या जागी. ब्लड यांचं नाव पुढे ढाक्यातल्या अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयाला दिलं. कॉलेरा हॉस्पिटल चालूच राहिलं, सरकारं आली गेली. १९९१ च्या चक्रीवादळात सव्वा लाखाहून जास्त माणसं गेली तेव्हा आखाती युद्धाहून परतणारी अमेरिकन जहाजं वळवून चितगावला आणली, काम केलं आणि निघून गेली. पन्नास-साठ वर्षं चिकाटीने एखादी संस्था चालवणं, तीही हळूहळू स्थानिक लोकांच्या हातात देत, याला पर्याय नाही. २०२५ च्या सुरुवातीला निधी थांबल्यावर याच संस्थेला हजाराहून जास्त लोकांना कामावरून कमी करावं लागलं. मला या बातमीचा राग आला होता, अजून येतो.

शिक्षणाचंही असंच आहे. बैरूतचं अमेरिकन विद्यापीठ १८६६ चं, मिशनऱ्यांनी काढलेलं, पण धर्मांतरात फारसं यश आलं नाही आणि विद्यापीठ मात्र मोठं झालं, १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद सही झाली तेव्हा वेगवेगळ्या देशांच्या प्रतिनिधींमध्ये १९ जण या एका विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होते. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेने एक शहाणपणाची गोष्ट केली ती म्हणजे मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांतल्या शाळकरी मुलांना वर्षभर अमेरिकन कुटुंबात राहायला नेणारा यस कार्यक्रम, भारतातली मुलंही त्यात गेलीत. २००५ नंतर सौदीच्या राजाने शिष्यवृत्त्या दिल्या आणि दहा वर्षांत अमेरिकेतले सौदी विद्यार्थी ६०,००० च्या आसपास गेले. परत आलेली मुलं अमेरिकेची भक्त होत नाहीत, व्हायची गरजही नाही, त्यांना तिथली माणसं, तिथले वाद, तिथल्या चुका माहीत असतात, म्हणून "सगळे अमेरिकन असेच" हे वाक्य त्यांच्या तोंडातून निघत नाही.

मग जानेवारी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांवर प्रवासबंदी घातली. २०२१ मध्ये उठली, २०२५ मध्ये पुन्हा वेगळ्या यादीने आली. बंदी नसलेल्या देशांतही व्हिसाचं काय होतं ते बीकेसीच्या कॉन्सुलेटबाहेर उभं राहिलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण तुमचं नाव मोहम्मद असेल तर "अॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग" नावाच्या खड्ड्यात कागद पडतात आणि महिनोन् महिने उत्तर येत नाही, सेमिस्टर सुरू होऊन जातं, कॉन्फरन्स संपते. माझ्यासोबत काम केलेल्या हुशार, अमेरिकेत शिकलेल्या लोकांना यातून जाताना मी बघितलंय. नकार दिला तरी चालेल, पण ठरलेल्या मुदतीत द्या आणि कारण सांगा. यासाठी दूतावासात जास्त माणसं लागतील, त्यांना अरबी, बहासा, उर्दू यायला लागेल. सध्या बहुतेक दूतावास शहराबाहेर शंभर फूट मोकळी जागा सोडून, भिंती उभारून बांधलेले असतात, त्याला खरी कारणं आहेत, बैरूत १९८३, नैरोबी १९९८, तिथे दूतावासांवरच्या बॉम्बहल्ल्यांत माणसं मेलीत. पण शहरातली अमेरिकन ग्रंथालयं, जिथे कुठलाही कॉलेजचा मुलगा जाऊन बसायचा, ती त्या भिंतींच्या आत गेली किंवा बंद झाली, आणि जनसंपर्काचं काम करणारी स्वतंत्र संस्था १९९९ मध्ये गुंडाळून परराष्ट्र खात्यात टाकली.

चूक कबूल करण्याबद्दलही लिहायला हवं. ३ जुलै १९८८ ला अमेरिकन युद्धनौका व्हिन्सेन्सने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली, त्यात आपले १० भारतीय होते. १९९६ मध्ये भरपाई दिली, खेद व्यक्त केला, पण रीतसर माफी नाही. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये ड्रोन हल्ल्यात एका घरातली १० माणसं मेली, ७ लहान मुलं, आणि ज्याला दहशतवादी समजून मारलं तो एका अमेरिकन मदत संस्थेचा कर्मचारी निघाला. सुरुवातीला हल्ला योग्यच होता असं ठणकावून सांगितलं, पत्रकारांनी खोदून काढल्यावर तीन आठवड्यांच्या आत चूक कबूल केली, शिक्षा कोणालाच झाली नाही. कबुली लवकर आली हे चांगलंच, पण कोणी जबाबदार नाही म्हटल्यावर कबुलीला वजन राहत नाही. आणि ज्या अफगाण दुभाष्यांनी अमेरिकन सैनिकांबरोबर जीव धोक्यात घातला, त्यांच्या खास व्हिसाचा अर्ज नऊ महिन्यांत निकाली काढायचा असं अमेरिकेच्याच कायद्यात लिहिलं होतं, प्रत्यक्षात वर्षंच्या वर्षं गेली आणि काबूल पडलं तेव्हा हजारो मागे राहिले. गरज सरो वैद्य मरो. पुढच्या वेळी कुठल्या देशातला माणूस यांच्यासाठी काम करायला पुढे येईल?

आता गाझा, जो टाळून या प्रश्नाचं उत्तर देताच येत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने जे केलं ते भयंकर होतं, त्यात दोन मतं नाहीत. पण त्यानंतर गाझात जे झालं, आणि सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावांवर अमेरिकेने पुन्हा पुन्हा जो व्हेटो वापरला, त्याने आचेपासून मोरोक्कोपर्यंत वीस वर्षांत जे काही जमवलं होतं ते वाहून गेलं. इंडोनेशिया आणि मलेशियात अमेरिकन फास्ट फूडच्या दुकानांवर बहिष्कार पडला, आणि २०२४ च्या आग्नेय आशियातल्या एका पाहणीत, चीन की अमेरिका असं निवडायची वेळ आली तर कोण, यावर या दोन्ही देशांत उत्तर देणाऱ्या ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी चीन म्हटलं. चीन काही मुसलमानांचा कैवारी नाही, शिनजियांगमध्ये उइगरांचं काय चाललंय ते त्यांनाही माहितीय. तरी.

अमेरिकेने इस्रायलला सोडून द्यावं असं मी म्हणत नाही, तसं कोणी शहाणा माणूस अपेक्षितही करत नाही. पण मित्राला थांबवता येतं हे अमेरिकेने एकदा दाखवलंय. १९५६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने मिळून इजिप्तवर हल्ला केला तेव्हा अध्यक्ष आयझेनहॉवरने ब्रिटनची आर्थिक नाडी आवळून स्वतःच्या सगळ्यात जवळच्या दोस्तांना माघार घ्यायला लावली, निवडणूक तोंडावर असताना. त्यानंतर काही काळ अरब जगात अमेरिकेची जी पत होती ती नंतर कधी आली नाही. त्यासाठी एक जाहिरात करावी लागली नव्हती.

शक्य आहे का, तर हो, पण अध्यक्षाच्या एका टर्ममध्ये नाही, आणि दर चार वर्षांनी सगळं उलटं फिरणार असेल तर अजिबात नाही. इराणचा अणुकरार जुलै २०१५ मध्ये झाला आणि मे २०१८ मध्ये अमेरिका बाहेर पडली, आंतरराष्ट्रीय निरीक्षक इराण अटी पाळतोय असं सांगत असताना. ज्या इराणी लोकांनी घरात वाद घालून "बोलून बघूया" म्हटलं होतं ते तोंडघशी पडले आणि कट्टर लोक जिंकले. याची झळ आपल्यालाही लागली, मे २०१९ नंतर भारताने इराणचं तेल घेणं बंद केलं, आणि आखातात तणाव वाढला की रत्नागिरी-रायगडच्या किती घरांत फोन सुरू होतात ते कोकणातल्या वाचकांना माहितीय, १९९० मध्ये कुवेतमधून पावणेदोन लाखाच्या आसपास भारतीयांना बाहेर काढावं लागलं होतं. म्हणून अमेरिकेत करार काँग्रेसकडून पक्के करून घ्यायची सवय परत यायला हवी, अवघड असलं तरी, नाहीतर तिच्या सहीला समोरचा किंमत देणार नाही.

प्रबंधासाठी माझा सल्ला: "अमेरिका आणि मुस्लिम जग" हा विषय घेऊ नका, तो कोणाच्याच हाताला लागत नाही. बांगलादेश घ्या, १९७१ ते १९९१. ब्लड यांची तार आणि त्या काळातली बरीच कागदपत्रं अमेरिकेने खुली केलीत, ऑनलाइन वाचता येतात. १९७४ च्या धान्याच्या जहाजांवर लिखाण आहे, कॉलेरा हॉस्पिटलचा इतिहास उपलब्ध आहे, आणि जमलं तर बंगाली शिका, मराठी माणसाला ती चार-सहा महिन्यांत वाचण्यापुरती येते. ढाक्यात जाऊन १९७१ पाहिलेल्या लोकांशी बोला. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे हे काम आधी करा, वाचन नंतरही होईल.